मातामृत्यूचं प्रमाण ३३, पण कुठल्या जिल्ह्यात?

महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचा आकडा होता ९७. नुसते मृत्यू न मोजता त्यांना जन्मांनी भागतात, कारण जन्म घटले की मृत्यूही कमी दिसतात, बाळंतपणातला धोका मात्र तेवढाच राहिलेला असू शकतो.

हे प्रमाण नमुना नोंदणी प्रणालीतून, म्हणजे एसआरएसमधून येतं. नमुन्यात असे मृत्यू इतके थोडे सापडतात, की तीन वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. त्यामुळे राज्याचं प्रमाण कळतं, जिल्ह्याचं नाही. पुण्यात दवाखान्याशेजारी राहणारी गरोदर बाई आणि नंदुरबारच्या डोंगरातून झोळीत घालून न्यावी लागणारी, दोघी त्याच ३३ च्या सरासरीत. जिल्ह्याच्या हाती उरतात आरोग्य विभागाच्या नोंदी, आणि घरी किंवा वाटेत झालेला मृत्यू तिथेच निसटू शकतो.