दावा मॉस्कोचा, मोजणी ब्रिटिशांची

अणुसंमीलनाच्या क्षेत्रात सध्या दाव्यांचा सुकाळ आहे. सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणण्याची आश्वासने पूर्वी सरकारी प्रयोगशाळा देत; आता भांडवल गोळा करणाऱ्या खासगी कंपन्याही देऊ लागल्या आहेत. यातले खरे किती, हे ठरवायचे कसे? उत्तरासाठी शीतयुद्धाच्या काळात डोकवावे लागेल.

ऑगस्ट १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी जाहीर केले, की मॉस्कोतील ‘टी-३’ या टोकामॅक यंत्रात प्लाझ्माचे तापमान १ कोटी अंशांच्या घरात गेले आहे. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. तरीही आर्त्सिमोविच यांनी ब्रिटनच्या कल्हॅम प्रयोगशाळेला निमंत्रण दिले: या, तुम्हीच मोजा!

पण मोजणार कसे? एवढ्या उष्णतेत कोणताही तापमापक टिकत नाही, आणि बाहेरची वस्तू आत घातली की प्लाझ्माच थंडावतो. ब्रिटिशांनी माणकाच्या लेसरचा झोत आत सोडला. प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांवरून त्यातला अत्यल्प प्रकाश विखुरतो. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका या प्रकाशाचा रंग मूळ लाल रेषेच्या दोन्ही बाजूंना अधिक पसरतो. पसाऱ्यावरून तापमान कळते, तेजावरून घनता. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आला: रशियनांचा दावा खरा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या प्रिन्स्टनने आपले स्टेलरेटर यंत्र मोडून त्याचा टोकामॅक केला. गांधीनगरचा ‘आदित्य’ १९८९ मध्ये सुरू झाला, तो याच वंशातला.

आज मोजणीइतकाच हिशेबही तपासावा लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय प्रयोगशाळेत लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा पडली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. यश मोठेच, पण त्या लेसरसाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती. आकडे दोन्ही खरे. गाजला तो पहिलाच.

फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात अमेरिका, रशिया आणि चीनसोबत भारतही भागीदार आहे. २०२४ मध्ये मांडलेल्या नव्या वेळापत्रकानुसार तेथील संशोधन २०३४ मध्ये सुरू व्हायचे आहे. हा पैसा करदात्यांचा आहे. म्हणून प्रत्येक घोषणेला दोन प्रश्न विचारायला हवेत: मोजले कोणी, आणि हिशेबात काय धरले? आर्त्सिमोविच यांनी प्रतिस्पर्ध्यालाच मोजायला बोलावले. तेवढी तयारी आजच्या दावेदारांनीही दाखवावी, एवढीच अपेक्षा.