सरल वृक्षाची ओळख

बदरीकेदारच्या यात्रेहून परतलेली आपली मंडळी तिकडील सुईसारख्या पानांच्या प्रत्येक उंच झाडास ‘देवदार’ म्हणतात. कोकण-गोव्याशी नाते असलेल्या घरांतून तर सुरूलाही पाइन समजण्याची चाल आहे. आम्हीही पुष्कळ वर्षे त्यांतलेच होतो. म्हणून या खेपेस हिमालयाच्या मूळच्या चीर वृक्षाची ओळख करून घेऊ. संस्कृतात याचे नाव सरल. हत्तींनी गाल घासल्यामुळे ज्याचा चीक पाझरून शिखरे सुगंधित होतात, असे कालिदासाने ‘कुमारसंभवा’त वर्णिले आहे, तो हाच.

खूण सोपी आहे : पाने मोजावीत. चीरच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात, २० ते ३० सेंटिमीटर लांब असतात. कैलच्या जुडग्यात पाच. देवदाराच्या सुया आखूड असून त्यांचे झुपके असतात. सुरूची ‘सुई’ ओढली की पेरापेरांवर तुटते. कारण ते पान नव्हेच, हिरवी काडी आहे.

चीर साधारणपणे ५०० ते २००० मीटर उंचीवर वाढतो. त्यास भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. तो सदाहरित खरा. तथापि उन्हाळ्याच्या सुमारास जुनी पाने विपुल गळतात. या पाचोळ्यास कुमाऊँ-गढवालात ‘पिरूल’ म्हणतात. त्यात राळ असल्याने एका ठिणगीने वणवा पेटतो. म्हणून हे झाड घराला लागून कधीही लावू नये, व पिरूल वेळच्या वेळी गोळा करावा.

ग्वाल्हेरच्या आमच्या अंगणात आम्ही एकदा पहाडातल्या रोपवाटिकेतून चीरचे रोप आणले. स्वच्छतेच्या हौसेने मुळांची माती धुऊन काढली आणि नव्या शेणखतात ते लावले. दोन महिन्यांत रोप वाळले. चीरच्या मुळांशी एक सूक्ष्म बुरशी नांदते व तीच त्यास जमिनीतील अन्न पुरविते, हे पुढे कळले. आम्ही माती नव्हे, त्याचा सोबतीच धुऊन टाकला होता!

तेव्हा हौस असेल त्यांनी मुळांची माती न हलविता, पावसाळ्याच्या आरंभी, मोकळ्या जागी रोप लावावे. आळ्यात पाणी साचू देऊ नये. उन्हाळा कडक असलेल्या गावी मात्र फार आशा बाळगू नये. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती नांदलेल्या आपल्या घरांना मुळाशी राहिलेल्या मातीचे मोल निराळे सांगावयास नको.