भीतीसकट दिलेली साक्ष

फेब्रुवारी महिना आला की आमच्या वसईत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "संत गोन्सालो गार्सिया मरणाला घाबरला नाही." प्रवचनात, मुलांच्या भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्राखाली, सगळीकडे तेच.

मला हे वाक्य पटत नाही. गोन्सालोच्या धैर्याबद्दल मला शंका आहे म्हणून नव्हे. उलट, हे वाक्य त्या धैर्याला लहान करतं असं मला वाटतं. आज त्याबद्दलच थोडं लिहायचंय.

आमच्या नातेवाईक मंडळींना गोष्ट पाठ आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण इथे येणाऱ्या बाकीच्या ब्लॉगर मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. गोन्सालोचा जन्म 1556-57च्या सुमारास वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा इतकी छान शिकला की लोकांना धर्मशिक्षण देऊ लागला. येशूसंघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. मग काही काळ व्यापार केला, फिलिपिन्समधल्या मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. 1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला. पुढे जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमावरून 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवून मारलं. त्यातला एक आमचा गोन्सालो. 1627 साली त्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं आणि 1862 साली संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

इतकी गोष्ट आम्हाला सगळ्यांना येते. पण या गोष्टीत एक तपशील आहे, ज्यावर आपण फारसं थांबत नाही. तो म्हणजे वाट.

या लोकांना नागासाकीत पकडलेलं नव्हतं. पकडलं क्योतो-ओसाकाकडे. 1597च्या जानेवारीच्या सुरुवातीला क्योतोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांत घालून शहरातून धिंड काढली आणि मग नागासाकीपर्यंत सुमारे 800 किलोमीटर चालवत नेलं. ऐन थंडीत. जवळजवळ महिनाभर!

महिनाभर, हे जरा डोळ्यासमोर आणून बघा. क्षणाच्या आवेशात माणूस काहीही करून जातो. आगीत उडी घेतो, पुरात शिरतो. त्याला विचार करायला वेळच नसतो. इथे वेळच वेळ होता. रोज सकाळी उठायचं आणि आपण कुठे चाललोय हे माहीत असताना पुन्हा चालायला लागायचं. धर्म सोडतो एवढं म्हणून सुटका करून घ्यायचा विचार त्या तीस दिवसांत एकाच्याही मनात डोकावला नसेल? त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता, तेरा वर्षांचा अंतोनिओ होता, चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या बापाबरोबर चालत होता. लुईसला तर धर्म सोडलास तर जगशील असं सांगूनही पाहिलं, असा वृत्तांत आहे. त्याने ते नाकारलं. थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाचं. ते पत्र आईपर्यंत पोचलं नाही. नंतर ते बापाच्या मृतदेहावर सापडलं.

ज्या मुलाला धाकट्या भावांची काळजी वाटते, त्याला मरणाचं काहीच वाटत नसेल? मला नाही तसं वाटत. त्याला सगळं कळत होतं. कळत असूनही तो चालत राहिला, म्हणून तर त्याच्यापुढे मान झुकते. भीतीच नसेल तर धैर्य कशाला लागेल? दगडाला कोणी शूर म्हणत नाही.

आणि आपल्या धर्माने तरी भीती नाकारली आहे का? शुभवर्तमान उघडून बघा. गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशू व्याकूळ झाला, हा प्याला टळू दे अशी त्याने पित्याला विनवणी केली. हे लपवणं शुभवर्तमानकारांना सहज जमलं असतं. त्यांनी लपवलं नाही. पेत्राचंही तसंच. शेकोटीपाशी एका दासीने विचारलं आणि हा गडी "मी त्याला ओळखत नाही" म्हणून मोकळा झाला. तेही एकदा नाही, तीनदा. तोच पेत्र पुढे चर्चचा पाया ठरला.

सुरुवातीच्या चर्चला मरणाची हौस असलेले लोक आवडत नसत, हेही मला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या शतकात स्मुर्ना शहराचे बिशप पॉलीकार्प रक्तसाक्षी झाले. त्यांच्या मरणाच्या वृत्तांतात क्विंतुस नावाच्या एका माणसाची गोष्ट येते. हा स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही चिथावलं, आणि जंगली जनावरं समोर दिसताच धर्म नाकारून बसला. वृत्तांत लिहिणारे स्पष्ट सांगतात की असं आपणहून पुढे जाणं आम्हाला मान्य नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन तर 250 सालच्या छळात लपून राहिले. त्याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली. त्याच सिप्रियननी 258 साली, दुसऱ्या छळात, शांतपणे मरण पत्करलं. म्हणजे पळणारा आणि प्राण देणारा माणूस एकच असू शकतो!

आपला 'रक्तसाक्षी' हा शब्द मला फार आवडतो. ग्रीक भाषेत या लोकांसाठी जो शब्द आहे त्याचाही मूळ अर्थ साक्षीदार असाच. साक्षीदार काय करतो? विचारलं की खरं सांगतो. तो रस्त्यात उभा राहून ओरडत नाही. आणि विचारल्यावर तोंडही फिरवत नाही. क्योतोतली मथियासची गोष्ट अशीच सांगतात. शिपाई यादी घेऊन मथियास नावाच्या माणसाला शोधत आले. तो नेमका बाहेर गेलेला. त्यांच्या हाका ऐकून शेजारचा दुसराच एक जण पुढे आला. माझंही नाव मथियास आणि मीही ख्रिस्ती आहे, एवढंच तो म्हणाला. शिपायांना तेवढं पुरलं. 26 जणांत त्याचं नाव आहे. भाषण नाही, घोषणा नाही. नाव पुकारलं गेलं आणि त्याने ओ दिली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी आमच्याकडे सहसा सांगितली जात नाही.

1614 साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. नागासाकीत लोकांना ओळीने उभं करून येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावायचे. तिला 'फुमी-ए' म्हणत. पाय ठेवला तर घरी जा. नाही ठेवला तर छळ, कधी मरण. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. हजारो लोकांनी पाय ठेवला. घरी येऊन ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पोर्तुगीज शब्दावरून तिचं नाव पडलं 'कोंचिरिसान'. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, चर्च नाही. घरातल्याच माणसांनी बाप्तिस्मा द्यायचा, कान्नोन या बौद्ध देवीच्या मूर्तीत मरिया पाहायची, आणि प्रार्थना तोंडी पुढच्या पिढीला द्यायच्या.

सुमारे अडीचशे वर्षं हे चाललं. मार्च 1865मध्ये नागासाकीत नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली आणि फ्रेंच धर्मगुरू पेतिझाँ यांना त्यांनी हळूच सांगितलं, की आमच्याही मनात तेच आहे जे तुमच्या मनात आहे. हे चर्च बांधलं होतं त्याच 26 रक्तसाक्षींच्या नावाने!

पुढे काय झालं तेही ऐका. बंदी अजून उठलेली नव्हती. उराकामीच्या लोकांनी आता उघडपणे आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं. तीन हजारांहून अधिक माणसांना गावातून उचलून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं गेलं. त्यांतले शेकडो मेले. 1873 साली बंदी उठली तेव्हा उरलेले घरी परतले. ही माणसं कोणाची नातवंडं-पणतवंडं होती? प्रतिमेवर पाय ठेवणाऱ्यांचीच ना?

म्हणून मला वाटतं, निशिझाकाच्या टेकडीवर मेलेले आणि फुमी-एवर पाय ठेवून घरी जाऊन रडलेले, अशा दोघांनी मिळून तिथली श्रद्धा जगवली. पहिल्यांचं धैर्य मोठं, यात वाद नाही. त्यांच्यामुळेच पुढच्यांना कळलं की या श्रद्धेची किंमत केवढी आहे. पण त्यांचं धैर्य ही दुसऱ्यांना झोडपायची काठी नव्हे. घरी पंख्याखाली बसून "मी असतो तर पाय ठेवला नसता" म्हणणं फार सोपं आहे. तलवार समोर नसताना घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. आपल्यात अजून कोणी तिला बसलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. काही जणांना आवडणार नाही, पण बोलायला हवी. हिदेयोशीचा संशय अगदीच हवेतला नव्हता. 1596 साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं. आधी धर्मगुरू येतात आणि मागून राजाचं सैन्य, अशा अर्थाचं काहीतरी जहाजावरचा एक जण बोलून गेला असं सांगतात. त्यानंतर लगेच ही धरपकड झाली. निरपराध माणसांना क्रुसावर टांगणं यामुळे योग्य ठरत नाही. पण त्याच काळात आपल्या शेजारी गोव्यात काय चाललं होतं? 1560 साली तिथे धर्मसमीक्षण सुरू झालं होतं आणि श्रद्धेवरून माणसांना पकडलं जात होतं, शिक्षा होत होत्या. छळणारे तिथे क्रुसाची खूण करणारे होते. गोन्सालोचा मान ठेवायचा असेल तर हेही मान्य करावं लागेल, की दुसऱ्याच्या श्रद्धेवर हात टाकणारा माणूस हिदेयोशीच्या बाजूला उभा असतो, मग तो कुठल्याही धर्माचा का असेना.

रक्तसाक्षी आणि धर्मवेडा यांतला फरक मला इथेच दिसतो. धर्मवेडा श्रद्धेसाठी दुसऱ्याचा जीव घेतो. रक्तसाक्षी स्वतःचा देतो, आणि मारणाऱ्याला क्षमा करून जातो. पॉल मिकी या जपानी येशूसंघीयाने क्रुसावरून हिदेयोशीला क्षमा केली होती.

हे सगळं चारशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी 2015मध्ये लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावर 21 मजुरांचे गळे चिरले गेले. वीस जण इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती, एक घानाचा. पोटासाठी परदेशी गेलेली साधी माणसं. कोणी धर्मपंडित नव्हतं. 2023 साली पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक चर्चच्या रक्तसाक्षींच्या यादीतही त्यांची नावं घातली. आपल्याकडे आखाताच्या वाटेवर निघालेल्या कुठल्याही पोरापेक्षा ती माणसं वेगळी होती असं मला वाटत नाही.

मग आपण काय करायचं? मरणाचा प्रश्न आपल्याला बहुधा कोणी विचारणार नाही, आणि तो विचारला जावा अशी इच्छाही धरू नये. आपल्याला विचारले जातात ते छोटे प्रश्न. ऑफिसात कोणाच्या तरी धर्माची टिंगल चाललेली असते, तेव्हा आपण हसतो का? घर भाड्याने घेताना आडनाव पुटपुटतो की स्पष्ट सांगतो? आपल्याच लोकांनी दुसऱ्या धर्माबद्दल काही वाईट बोललं, तर "ख्रिस्ती माणसाला हे शोभत नाही" असं म्हणायची हिंमत होते का? मला तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड वाटतो. परक्यांपुढे श्रद्धा सांगताना निदान आपली माणसं पाठीशी असतात. आपल्याच माणसांपुढे सांगताना आपण एकटे पडतो.

त्या वेळी छाती धडधडणारच. धडधडू द्या. निशिझाकाची वाट चालणाऱ्यांचीही धडधडत असणार. फक्त आपलं नाव पुकारलं गेलं की ओ देता यायला हवी.

असो. खूप लिहिलं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, विशेषतः घरच्या वडीलधाऱ्यांनी. फोन करून ओरडलात तरी चालेल!