सेव्ह केलं होतं का बे?

२००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत भिवापूरच्या गेमवेड्या पोरांना दोन वेळापत्रकं तोंडपाठ असायची, शाळेचं आणि वीज जाण्याचं. शेजारी उमरेडला कोळशाच्या खाणी, नागपूरच्या पलीकडे कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, आणि तरी तालुक्याला तासन् तास अंधार. सेकंडहॅंड पेंटियमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. पंखा मंदावायच्या आत स्क्रीन काळा व्हायचा आणि मागून प्रश्न यायचा, ‘‘सेव्ह केलं होतं का बे?’’

मोटारींच्या शर्यतीत त्याने फारसं बिघडत नसे. पुन्हा सुरू करायची. रोल-प्लेइंग गेमचं तसं नाही. तिथे पात्र स्वतः घडवायचं, लढाया करून त्याची ताकद पै-पै जमवायची. वीज गेली की ती जमापुंजीही जायची.

अर्थात हा खेळप्रकार जन्मापासूनच खडूस. १९८१ साली ॲपल टू संगणकावर आलेला ‘विझर्ड्री’ अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी लिहिला. भुयाराचे दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा, आणि नकाशा दिलेलाच नाही. तो खेळणाऱ्याने आलेखाच्या कागदावर पेन्सिलने काढायचा. पात्र मेलं तर देवळात पैसे भरून जिवंत करता येई. तो विधी फसला की राख, आणि राखेवरचाही फसला की नाव कायमचं पुसलं जाई. सगळं लगेच फ्लॉपीवर नोंदलं जात असल्यामुळे रडून उपयोग नसे. याच ‘विझर्ड्री’च्या नव्या आवृत्तीच्या संगीताला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं, हे त्या काळी आलेखाचे कागद फाडणाऱ्यांना गमतीचंच वाटलं असेल.

भिवापूरसारख्या गावात यातलं पोचलं ते फार उशिरा, नागपूरहून येणाऱ्याच्या पिशवीतून, मार्करने नाव लिहिलेल्या कॉपी सीडीवर. १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ पाच सीडींचा. हार्ड डिस्क लहान, त्यामुळे नव्या मुलुखात शिरलं की सीडी बदला. पाचांतली एक घासलेली असली की तेवढा मुलूख बंद. टूथपेस्ट लावून, बनियनने पुसून पाहिली जायची. क्वचित चालायचीही.

पण जीव लावला तो ‘फॉलआउट’ने. १९९७ चा हा खेळ. अणुयुद्धानंतर माणसं जमिनीखालच्या व्हॉल्ट १३ मध्ये राहताहेत, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडते आणि नवी शोधून आणायला नायकाला १५० दिवस मिळतात. दिवस अपुरे पडले तर हब नावाच्या शहरातल्या पाणीव्यापाऱ्यांना पैसे मोजून व्हॉल्टकडे तांडा धाडायचा, म्हणजे आणखी १०० दिवसांची सवड. ज्यांच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं मुरलेलं, त्यांना इतकं समजायला डिक्शनरी लागली नाही. त्याच तांड्यामुळे शत्रूला व्हॉल्टचा माग लवकर लागतो, ही मेख मात्र इंग्रजीच्या ढिगात दडलेली. ती खेळ हरल्यावर कळायची.

सगळ्यात मोठा घोळ पात्र बनवतानाच व्हायचा. वाटायला गुण मोजके. पोरं ते ताकदीत आणि चपळाईत ओतायची. बुद्धीला तीनच ठेवले तरी काय बिघडतं? बिघडायचं ते असं, की बुद्धी चारच्या खाली गेली तर नायकाला धड बोलताच येत नाही. तो नुसता ‘अं’, ‘उं’ करतो आणि गावोगावची माणसं त्याला वेडगळ समजून वाटेला लावतात. खेळ बनवणाऱ्यांनी ही गंमत मुद्दाम लिहिली होती. इकडे खुर्चीभोवती कोंडाळं करून बसलेल्यांना त्याचा पत्ता नव्हता. ‘‘काऊन बोलून नाही राहिला बे हा?’’ निदान ठरलेलं, सीडी खराब आहे. मग वर्गणी काढून दुसरी कॉपी मागवली गेली. तीही नीट चालली आणि नायक तिच्यातही ‘अं, उं’च करत राहिला.