अपिलाची वाट आणि कोल्हापूरचे खंडपीठ

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज पाहू लागले आणि चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या मागणीला फळ आले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी टळली, ही गोष्ट लहान नव्हे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८१ साली खंडपीठ बसले तेव्हा त्या निर्णयाविरुद्धच न्यायालयीन लढाई झाली होती आणि १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला होता. न्यायालय लोकांच्या दारी जावे की लोकांनी त्याच्या दारी यावे, हा वाद आपल्याकडे असा जुनाच आहे.

तथापि या आनंदात एक गैरसमज फोफावू पाहत आहे. हायकोर्ट आता जवळ आले, तेव्हा खाली हरलो तरी वर सारे प्रकरण पुन्हा तपासले जाईल, असे अनेक पक्षकार समजून चालले आहेत. बांध, वाटणी, वहिवाट यांच्या नेहमीच्या दाव्यांत तसे घडत नाही. तालुका न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरील पहिले अपील जिल्हा न्यायालयात चालते. त्यानंतर उच्च न्यायालयात जे जाते ते दुसरे अपील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये १९७६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते केवळ कायद्याच्या सारभूत प्रश्नावरच दाखल करून घेता येते. बांध कोणी सरकवला, कोणता साक्षीदार खरा, याचा निर्णय सामान्यतः जिल्हा न्यायाधीशापाशीच संपतो. पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, किंवा दस्ताचा अर्थ भलताच लावला, तर गोष्ट निराळी.

म्हणजे सामान्य माणसाचे खरे अपील ते पहिलेच. तेथे वस्तुस्थिती व कायदा या दोहोंचा फेरविचार होतो. निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरील निर्णय व त्याची कारणे निकालपत्रात नमूद करावीत, असे आदेश ४१, नियम ३१ बजावतो. परंतु ज्या न्यायाधीशापुढे हे अपील येते, त्याच्याच मेजावर सत्र खटले, जामीनअर्ज आणि मोटार अपघातांचे दावे असतात. कोठडीतील माणसाची निकड आधी पाहावी लागते हे योग्यच आहे. पण त्यामुळे बांधाचे अपील मागे मागे सरकते, आणि पुढे घाईने उरकले गेले तर त्याची भरपाई कोल्हापुरातही होत नाही. खंडपीठाच्या इमारतीसाठी जो उत्साह दिसला, त्याच्या चौथाई उत्साहाने केवळ दिवाणी अपिले चालविणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांची मागणी झाली असती तर बरे झाले असते!

दुसरी अडचण अज्ञानाची. पहिल्या अपिलाची मुदत ३० दिवस, दुसऱ्याची ९०. नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो. अपील दाखल झाले म्हणजे हुकूमनामा आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते. हे ठाऊक नसल्याने दरखास्तीची नोटीस हाती पडेपर्यंत कित्येक जण निर्धास्त असतात. मराठी ही तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा आहे, तरी निकाल बरेचदा इंग्रजीतच हाती पडतो. निकालाच्या प्रत्येक नकलेस अपील कोठे, किती दिवसांत आणि स्थगिती कशी मागावी, एवढे सांगणारे मराठीतील एक पान जोडावयास फार खर्च येणार नाही. नव्या खंडपीठाच्या सहा जिल्ह्यांपासून त्याचा आरंभ करता येईल.