पाणी दबत नाही

दिवाळीच्या सुट्टीत गेटवेहून मांडव्याला निघालेली लाँच सुरूच होईना, की उतारू चुळबुळ करू लागतात आणि बिचारा चालक पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. वाचकहो, हा हट्ट इंजिनाच्या जिवावर बेतू शकतो.

पुष्कळ बोटींत इंजिन थंड करणारे समुद्राचे पाणी शेवटी धुराच्या नळीत सोडतात. इंजिन चालू असले म्हणजे धूर ते बाहेर ढकलतो. नुसता स्टार्टर फिरला तर पंप पाणी ओढतो, पण ढकलायला धूर नसतो. तुंबलेले पाणी उघड्या झडपेतून सिलिंडरात शिरते. हवा दबते, पाणी दबत नाही! वर येणारा दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकतो.

जाणता मिस्त्री आधी तेलाची पट्टी पाहतो. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग इंजेक्टर किंवा प्लग काढून तो इंजिन हाताने फिरवतो आणि पाणी काढून टाकतो. नंतर दाब मोजतो. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी भरला, तर संशय हेड गॅस्केटवर. एकातच कमी असेल, तर पेट्रोलच्या इंजिनात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर बहुधा झडपा गळतात. खारे पाणी लवकर गंज चढवते, म्हणून तेल त्याच दिवशी बदलावे.

तेव्हा मिस्त्री झाकण उघडून बसला, तर कुरकुर करू नका. लाँच भर समुद्रात बंद पडण्यापेक्षा धक्क्यावरचा तास परवडला.