अकीक वेचायला चला

पावसाळा सरून नदीचे पाणी उतरले की काठावर दगडगोट्यांचे नवे पट्टे उघडे पडतात. गोदावरी, प्रवरा, भीमा यांसारख्या दख्खनच्या नद्यांत काळ्या गोट्यांच्या गर्दीत मधूनच एखादा मधाच्या, दुधाच्या किंवा राखेच्या रंगाचा अर्धपारदर्शक खडा दिसतो. तो अकीक. हे खडे वेचण्याचा छंद मी उतारवयातील माणसांना आवर्जून सुचवतो. त्यावर कुटुंबीयांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पडले तर?’

प्रश्न रास्त आहे. परंतु पडण्याच्या भीतीने घरात बसवलेल्या माणसाच्या मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल आणखी बिघडतो आणि मग तो न्हाणीघरात पडतो. ‘रोज चाला’ हा आमचा सल्लाही बहुधा कागदावरच राहतो, कारण नुसते चालण्याचा कंटाळा येतो. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, पत्नीच्या निधनानंतर कित्येक महिने फाटकाबाहेर पडले नव्हते. मुलगा त्यांना दर रविवारी नदीवर नेऊ लागला. दुःख सरले असे ते म्हणत नाहीत. रविवारी लवकर उठावेसे वाटते, एवढेच सांगतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर पसरले. थिजणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि पदरावर पदर साचून अकीक तयार झाला. भोवतालचा बेसॉल्ट झिजतो, हा टिकतो. चाकूच्या पात्याने त्यावर ओरखडा उठत नाही आणि उन्हासमोर धरल्यास कडा उजळतात. खडा ओला केला की पट्टे स्पष्ट दिसतात. (अकीकाच्या अंगठीने रक्तदाब उतरतो का, असे मला अनेकदा विचारले जाते. नाही उतरत. गोळी चालू ठेवावी.)

आता तयारी. पायांत बंद, न घसरणारे बूट हवेत, चप्पल नको. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांचे तळवे बधिर असतात, बुटात शिरलेला खडा त्यांना टोचतही नाही. घरी परतल्यावर दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायाखालची जमीन धूसर दिसते, म्हणून चालताना केवळ दूरचा चष्मा लावावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

खरी कसोटी वाकण्याची. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून एकदम उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते. सावकाश उठावे आणि काठीवर भार देऊन दहा अंक मोजावेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून वाकूच नये. लांब दांड्याचा चिमटा वापरावा, अथवा खडा दाखवावा आणि सोबत्याने उचलून द्यावा. पिशवी लहान घ्यावी. मोठी घेतली की ती भरतेच.

सोबत्यांनो, दंड पकडून त्यांना ओढू नका. आपला हात पुढे करा, त्यांना तो धरू द्या आणि उताराच्या बाजूला आपण राहा. शेवाळलेल्या दगडांवर त्यांना नेऊ नका. वरच्या अंगाला धरण असल्यास पाणी सोडण्याची वेळ गावात विचारून घ्या. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

प्रवरेकाठी नेवासे, जोर्वे, दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन लोक याच जातीच्या दगडाची पाती वापरत. त्यामुळे पांढरीच्या टेकाडावर खापरांसोबत एखादा धारदार तुकडा दिसला तर तो जागच्या जागी राहू द्यावा. तो कोणीतरी घडवलेला असू शकतो.

घरी आणलेल्या खड्यांना चकाकी यावी म्हणून ग्राइंडरवर कोरडे घासण्याचा मोह अनेकांना होतो. ते कदापि करू नये. गुजरातेत खंबायतला अकीक घासणाऱ्या कारागिरांपैकी अनेकांना त्या बारीक धुळीने सिलिकोसिस जडला आहे. फुप्फुसांतील ती इजा भरून येत नाही, क्षयाचा धोकाही वाढतो. घरच्या खड्यांना खोबरेल तेलाचे बोट पुरते. नाहीतर काचेच्या बरणीत पाण्यात ठेवावेत, रंग खुलून दिसतात. मात्र बरणीला झाकण असावे आणि पाणी दर चार दिवसांनी बदलावे. नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.